समुद्राकडून पाहायचा डोंगर

मंडळी, नमस्कार. आजचा विषय तातेयामा. जपानच्या तोयामा प्रांतातला हा पर्वत. सहलीच्या जाहिरातींमधून 'जपानी आल्प्स' हे नाव तुमच्या कानावर आलं असेल. ते नाव एकोणिसाव्या शतकात विल्यम गोलंड या इंग्रज तंत्रज्ञानं दिलं. त्याच्याही कितीतरी आधीपासून तातेयामा हा फुजी आणि हाकुसान यांच्या जोडीनं जपानच्या तीन पवित्र पर्वतांत गणला जात होता. मुळात हा एक सुळका नव्हे, एका कण्यावरची तीन शिखरं आहेत: ओनांजी ३०१५ मीटर, ओयामा ३००३ आणि फुजिनोओरिताते २९९९. देऊळ आहे ते ओयामाच्या माथ्यावर.

बहुतेक लोक हा डोंगर बसच्या खिडकीतून पाहतात. माझं म्हणणं असं आहे की तो आधी समुद्रावरून पाहावा. तोयामाच्या आखाताच्या पश्चिम काठावर आमाहाराशी नावाचा किनारा आहे. हिवाळ्यात मी तिथे चार दिवस थांबलो. तीन दिवस नुसतं करडं आभाळ. चौथ्या दिवशी सकाळी ढग फाटले आणि पाण्याच्या पलीकडे, थेट पाण्यातूनच उगवल्यासारखी, पांढरी भिंत उभी राहिली. मधे टेकड्या नाहीत, पायथ्याची रांग नाही. समोर लाटा आणि त्यांच्यामागे तीन हजार मीटरचा डोंगर. शिवाय हा उतार किनाऱ्यावर थांबत नाही. आखाताचा तळ काठापासून भराभर खोल जातो आणि हजार मीटरच्याही खाली पोचतो. म्हणजे माथ्यापासून समुद्रतळापर्यंत चार हजार मीटरचा एकच उतार.

हे एकदा ध्यानात आलं की बाकीचं उलगडायला लागतं. पहिला प्रश्न बर्फाचा. तोयामाचं अक्षांश साडेछत्तीसच्या आसपास, उंची हिमालयाच्या मानानं बेताची. मग एवढं बर्फ येतं कुठून? शाळेत आपण 'प्रतिरोध पर्जन्य' शिकलो, तेच इथे हिवाळ्यात घडतं. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन सह्याद्रीवर आदळतात. तिकडे सायबेरियाचे कोरडे, बोचरे वायव्य वारे जपानच्या समुद्रावरून येतात. त्या समुद्रात त्सुशिमा हा उबदार प्रवाह वाहतो. थंड वारा त्या उबदार पाण्यावरून जाताना बाष्प पिऊन घेतो, तातेयामाच्या अंगावर चढतो आणि सगळं बर्फाच्या रूपात टाकून देतो. ताम्हिणी ओलांडून पुण्याकडे आलं की पाऊस जसा एकदम आटतो, तसं पलीकडच्या नागानो प्रांतात मात्सुमोतोला उतरलं की आभाळ निवळतं. वर्षभराचा पाऊस आणि बर्फ धरून मात्सुमोतोत पडतं ते तोयामाच्या निम्म्याहूनही कमी.

हे बर्फ किती, ते मुरोदोला कळतं. २४५० मीटरवरचं हे पठार. १९७१ साली तोयामापासून नागानोपर्यंत बस, केबलकार आणि रोपवे जोडून एक सलग मार्ग सुरू झाला, त्यातला हा सर्वांत उंच थांबा. वसंतात रस्ता मोकळा करताना आधी उपग्रहाच्या साहाय्यानं बर्फाखालचा रस्ता शोधतात, मग यंत्रं खणत जातात. दोन्ही बाजूंना जी भिंत उरते ती चांगल्या वर्षी वीस मीटरच्या आसपास भरते. लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. मी त्या भिंतीपाशी बराच वेळ उभा होतो. जवळून पाहिलं तर ती एकसारखी पांढरी नाहीच. वादळागणिक एकेक थर, मधे काचेसारखे कडक पातळ पट्टे, आणि वरच्या भागात एक फिकट तपकिरी रेघ. बोट फिरवलं तर पिठासारखी बारीक माती लागली. ती गोबीकडच्या वाळवंटांची धूळ. वसंतात वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून येते. जपानी लोक तिला 'कोसा' म्हणतात, पिवळी वाळू. एका बोटावर वाळवंट, समुद्र आणि डोंगर असे तिन्ही आले होते.

या बर्फानं आणखी एक धक्का दिला. जपानमध्ये हिमनदी नाही, असंच बरीच दशकं मानलं जात होतं. घळींमध्ये वर्षभर बर्फ असतं, पण नुसतं साचलेलं बर्फ म्हणजे हिमनदी नव्हे. ते स्वतःच्या वजनानं वाहायला हवं. स्थानिक संशोधकांनी बर्फात खांब रोवले, त्यांची जागा उपग्रहानं मोजली आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजली. खांब सरकले होते. २०१२ साली तातेयामावरची एक आणि शेजारच्या त्सुरुगी शिखरावरच्या दोन हिमनद्यांना मान्यता मिळाली. हिमयुगाचाच आणखी एक वारस तिथे चालता-बोलता भेटतो. राइचो नावाचा पक्षी, कोंबडीपेक्षा थोडा लहान. जमिनीलगत पसरलेल्या बुटक्या पाइनच्या झुडपांत तो राहतो. हिवाळ्यात पांढराशुभ्र, उन्हाळ्यात दगडाच्या रंगाचा. मी पाहिला तो मे महिन्यात, अर्धा पांढरा आणि अर्धा तपकिरी. धुक्यातून आला, माझ्या बुटांपासून चार हातांवर कोंब टोचत राहिला. पायांवर नखांपर्यंत पिसं. देवाचा पक्षी म्हणून शतकानुशतकं त्याला कुणी हात लावला नाही, त्यामुळे त्याला माणसाचं भय नाही.

त्या बस-रोपवेच्या मार्गावरच्या कुरोबे धरणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ बोललं जातं. उंची १८६ मीटर, काम पूर्ण झालं १९६३ साली, आणि त्या कामात १७१ माणसं गेली. तिथे गेलात तर पाण्याचे फवारे जरूर पाहा, पण त्या कामगारांच्या स्मारकापाशीही दोन मिनिटं थांबा.

मुरोदोजवळ जिगोकुदानी आहे, म्हणजे 'नरकाची दरी'. तातेयामाची शिखरं ज्वालामुखीची नाहीत, पण पश्चिमेला खेटून एक जागृत ज्वालामुखी आहे. तिथे गंधकाचा धूर निघतो, पाणी उकळतं, गवत उगवत नाही. जुन्या लोकांना तिथे यमलोक दिसला. यम हा शब्दही बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेला आणि 'एम्मा' झाला. आशिकुराजी या पायथ्याच्या गावातले पुरोहित या डोंगराची मोठमोठी चित्रं गुंडाळून गावोगाव नेत आणि चित्रावर बोट ठेवून नरक आणि अमिदा बुद्धाचा स्वर्ग समजावत. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीची मला तिथे फार आठवण झाली. एक गोष्ट मात्र बोचते. १८७२पर्यंत बायकांना या डोंगरावर चढायची बंदी होती. त्यांच्यासाठी आशिकुराजीत वेगळा विधी होता: पांढरे कपडे, डोळ्यांवर पट्टी, पुलावर अंथरलेलं पांढरं कापड आणि त्यावरून पलीकडच्या देवळात जाणं. मुक्ती मिळायची ती पायथ्याशीच. मेइजी सम्राटाच्या काळात बंद पडलेला हा विधी १९९६ साली पुन्हा सुरू झाला.

आता पाण्याकडे वळू. वितळलेलं बर्फ शोम्यो धबधब्यावरून चार टप्प्यांत ३५० मीटर खाली येतं. बर्फ वितळायच्या दिवसांत शेजारी हान्नोकी हा त्याहूनही उंच धबधबा सुरू होतो, पण तो वर्षभर वाहत नाही, म्हणून जपानमधल्या सर्वांत उंच धबधब्याचा मान शोम्योकडे. हे सगळं पाणी जोगांजी नदीत येतं. या नदीची लांबी फक्त ५६ किलोमीटर, आणि तेवढ्यात ती जवळजवळ तीन हजार मीटर उतरते. आपली सावित्री किंवा उल्हास डोळ्यांसमोर आणा आणि उगम शिखराएवढा उंच नेऊन ठेवा.

९ एप्रिल १८५८ रोजी इथे मोठा भूकंप झाला. तातेयामाच्या दक्षिणेला तोंबी नावाची शिखरं होती. तोंबी म्हणजे घार. ती शिखरं कोसळली आणि त्यांच्या मलब्यानं नदी अडवली. मागे पाणी तुंबलं. दोन आठवड्यांनी बांध फुटला, चिखल आणि धोंडे मैदानात उतरले. जूनमध्ये पुन्हा एकदा फुटला. दीडशेच्या घरात माणसं मेली, भातशेती गाडली गेली. त्या दरडीतला जवळजवळ वीस कोटी घनमीटर मलबा आजही वर पडून आहे, असा अंदाज आहे. म्हणून १९२६पासून सरकारतर्फे तिथे अखंड काम चालू आहे: बंधारे घालायचे, उतारांवर झाडं लावायची, गाळ जागच्या जागी धरायचा. या शास्त्राला जपानीत 'साबो' म्हणतात आणि जगभरचे तज्ज्ञ आता तोच शब्द वापरतात. कामगारांना वर नेण्यासाठी १८ किलोमीटरची चिमुकली रेल्वे आहे. ती ३८ वेळा पुढे-मागे होत चढते. एका ठिकाणी तर सलग १८ वेळा. हिवाळ्यात ती बंद असते.

तोयामाच्या सपाटीवर, डोंगरापासून दूर, त्या पुरानं आणून टाकलेले धोंडे अजून आहेत. एक मी पाहिला. दुमजली घराएवढा, आजूबाजूला भाताची खाचरं. अंगावर शेवाळ, माथ्यावर झुडूप. गावकरी त्याला पाण्याचा देव मानतात. मी गेलो तेव्हा कुणीतरी पायथ्याशी ताजी फुलं ठेवली होती. पाटातून बर्फाचं पाणी वाहत होतं, गुडघ्याएवढ्या भाताकडे.