न उतरणारं शीड : खराब हवेत कॅराव्हॅन ओढताना

(दृश्य : पहाट. वाऱ्यानं आडवं झालेलं गवत. दूर रस्त्यावर एक मोटार, मागे पांढरी कॅराव्हॅन. फक्त वाऱ्याचा आवाज.)

कॅराव्हॅन म्हणजे मोटारीमागं ओढायचं चाकांवरचं घर. तिच्या जाहिरातीत पाऊस कधी पडत नाही. तिथं ऊन असतं, रस्ता मोकळा असतो आणि मागं काही जोडलंच नाही अशा थाटात मोटार चाललेली असते.

खरी गोष्ट अशी आहे की सहा मीटर लांबीची कॅराव्हॅन सामानासकट तेराशे-चौदाशे किलो भरते. म्हणजे साधारण एका मोटारीएवढी. पण तिला बाजूनं पाहा. सहा मीटर लांब, दोन मीटर उंच, अशी बारा चौरस मीटरची सपाट भिंत. आत हलका सांगाडा आणि फोम, बाहेर पातळ पत्रा. आकार खोलीचा आणि वजन मोटारीचं. वाऱ्याला आणखी काय हवं?

ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्ट यानं १८०५ साली वाऱ्याच्या जोराला आकडे द्यायला सुरुवात केली. त्याच्या मोजपट्टीला किलोमीटर ठाऊक नव्हते. इतक्या वाऱ्यात युद्धनौकेनं किती शिडं ठेवायची, ही तिची भाषा होती. वारा वाढला की खलाशी एकेक शीड उतरवत जायचे. कॅराव्हॅनवाल्याची पंचाईत इथंच आहे. बारा चौरस मीटरचं शीड घेऊन तो रस्त्यावर येतो आणि ते उतरवायची सोय नसते.

(दृश्य : पुलाच्या टोकाशी ताठ झालेली, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी.)

एक ढोबळ हिशोब करू. ताशी ३६ किलोमीटरचा वारा थेट बाजूनं आला, तर या भिंतीवर साधारण ७५ किलोचा रेटा बसतो. एक माणूस खांदा लावून ढकलतोय असं समजा. वारा दुप्पट झाला, ताशी ७२ किलोमीटर, की रेटा दुप्पट होऊन थांबत नाही, चौपट होतो. तीनशे किलो. आता चार माणसं ढकलतायत, आणि तीही सगळी एकदम, न सांगता.

म्हणून हवामानाच्या अंदाजात नुसता वाऱ्याचा वेग बघून भागत नाही. त्याच्या शेजारी झोताचा वेग दिलेला असतो, तो बघायचा. संथ, एकसारख्या वाऱ्याशी जुळवून घेता येतं. गाडी हलवतो तो झोत.

ब्यूफर्टच्या पट्टीवर सहावा आकडा म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर. छत्री हातात ठरत नाही, तारा शीळ घालतात. सातवा, ५० ते ६१ : मोठी झाडं अख्खी डोलतात, वाऱ्यासमोर चालताना पुढं झुकावं लागतं. आमच्या मते सहाव्याला रस्ता नव्याने ठरवावा आणि सातव्याला निघूच नये. काही जुने चालक यावर हसतील. त्यांच्यातल्या बहुतेकांनी एकदा तरी कॅराव्हॅन आरशात आडवी झालेली पाहिली असेल.

(दृश्य : टेबलावर फिरता पट्टा. त्यावर खेळण्यातली मोटार, मागे दोन चाकांची छोटी ट्रॉली. ट्रॉलीवर सरकवता येणारं वजन.)

हा प्रयोग बघा. पट्टा फिरतोय. वजन ट्रॉलीच्या पुढच्या बाजूला आहे. बोटानं टिचकी मारली, ट्रॉली एकदा डुलली आणि सरळ झाली. आता तेच वजन मागच्या टोकाला सरकवू. पट्ट्याचा वेग तोच. तेवढीच टिचकी. ट्रॉली डुलते. पुन्हा डुलते, आधीपेक्षा जास्त. तिसऱ्या हेलकाव्यात मोटारीची शेपटी ओढली जाते आणि दोन्ही पट्ट्यावरून खाली.

टिचकी म्हणजे वारा. वारा दोन्ही वेळेला सारखाच होता. फरक पडला तो निघण्याआधी, सामान भरताना.

ट्रॉलीचं वजन मागं असलं की प्रत्येक हेलकावा आधीच्याला खतपाणी घालतो. शिवाय यात वेगाची एक मेख आहे. वेग वाढत जातो तसं हेलकावे आपोआप शमण्याचं बळ कमी होत जातं, आणि एका वेगानंतर ते शमतच नाहीत, वाढतात. तो वेग मोटार-कॅराव्हॅनच्या प्रत्येक जोडीचा वेगळा. कुठल्या पाटीवर लिहिलेला नसतो, स्पीडोमीटरवर त्याची लाल रेघ नसते. सामान चुकीचं भरलं की तो खाली येतो. एवढंच आपल्या हातात आहे.

मग भरायचं कसं? जड वस्तू आसावर, आणि जमिनीलगत. कॅराव्हॅनला बाहेरून लावायच्या मंडपाचं कापड आणि त्याचे खांब, हत्यारांची पेटी, जादा बॅटरी हे सगळं चाकांच्या वर, मधोमध. हलकं सामान वरच्या कपाटांत. पाण्याची टाकी मागं असेल तर रिकामी, कारण चाळीस लिटर पाणी म्हणजे शेपटीला टांगलेले चाळीस किलो. आणि एक फसवी चूक : मागं जड झालं म्हणून पुढंही तेवढंच जड भरणं. तराजू जुळतो, आकडा बरोबर येतो, पण दोन्ही टोकांना वजन असलेली काठी एकदा फिरायला लागली की थांबवायला किती जड जाते, ते हातात धरून बघा.

(दृश्य : अगदी जवळून. कॅराव्हॅनचं पुढचं टोक. खाली घरातला साधा वजनकाटा, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा.)

हा कुठल्याही घरात असतो तोच वजनकाटा. जमीन सपाट हवी, चाकांना पुढून-मागून ठोकळे हवेत. कपलिंगच्या, म्हणजे मोटारीला जोडायच्या टोकाच्या, वाटीखाली लाकूड उभं करायचं, इतक्या उंचीचं की कॅराव्हॅन समतल राहील. मग पुढचं छोटं चाक हळूहळू वर घ्यायचं. भार चाकावरून लाकडावर येतो आणि काटा सरकतो. बेचाळीस... साठ... अठ्ठ्याहत्तर. थांबला.

याला नाकाचं वजन म्हणतात. युरोपातल्या कॅराव्हॅनसाठी ते एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के असावं असा सल्ला देतात. तेराशे किलोला ६५ ते ९१. अमेरिकेत बांधणी वेगळी, तिथं दहा ते पंधरा टक्के धरतात. मात्र त्याआधी मोटारीच्या टोबारवरची (मागच्या ओढदांड्यावरची) आणि कपलिंगवरची मर्यादा वाचायची. या सगळ्यांत जो आकडा सर्वांत लहान, तो आपला. नाक फार जड झालं की मोटारीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागतं. ओल्या रस्त्यावर ते नको असतं.

स्टेबिलायझर आहे की! असं कुणीतरी म्हणेलच. आहे, आणि असावा. कपलिंगमधल्या घर्षणाच्या गाद्या टोबॉलला, म्हणजे टोबारवरच्या गोळ्याला, घट्ट धरतात आणि डुलणं दाबतात. अट एकच : तो गोळा कोरडा हवा. त्याला हौसेनं ग्रीस चोपडलं की संपलं. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्याहून हुशार, डोलणं ओळखून कॅराव्हॅनचे ब्रेक स्वतः लावते. पण दोन्हींचा एक तोटा आहे. चुकीचं भरलेलं सामान ते बरेच दिवस लपवून ठेवतात, आणि मग नेमक्या वाईट दिवशी उघडं पाडतात.

(दृश्य : टायरच्या भिंतीवरून फिरणारं बोट. चार आकडे.)

२३१९. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, हा टायर तेव्हा बनला. कॅराव्हॅनचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि भिंतीवर बारीक भेगा असतात. पाच ते सात वर्षांत बदलायचे, नक्षी कितीही चांगली असो.

(दृश्य : वायपर. पाऊस. आरशात मोठा होत जाणारा ट्रक.)

आता आपण रस्त्यावर आहोत. आरशात ट्रक. तो हवेची फुगलेली लाट पुढं ढकलत येतो. ती लाट आधी कॅराव्हॅनच्या मागच्या कोपऱ्यावर आदळते आणि शेपूट रस्त्याच्या कडेकडं जाते. ट्रक बरोबरीला आला की मधल्या फटीतला दाब उतरतो, कॅराव्हॅन त्याच्याकडं खेचली जाते. त्याच बाजूनं वारा असेल तर तेवढ्या वेळापुरता ट्रक आडोसा होतो, सगळं शांत वाटतं. तो पुढं निघून जातो आणि अडवलेला वारा एका दमात परत मिळतो. कडेकडं, आत, पुन्हा कडेकडं. पाच-सहा सेकंदांत तीन धक्के, आणि त्यांच्यात लय सापडली तर ती डुलण्याची लय असते.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. ट्रक दिसताच थोडी कड धरायची, वेग किंचित उतरवायचा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं. आवळायचं नाही. बस्स.

डोंगर कापून काढलेल्या रस्त्याचं तोंड, पूल, झाडांची रांग संपते ती जागा, इथंही तेच. ताशी साठनं जाताना आडोशातून मोटार बाहेर येते, मग कॅराव्हॅनचं नाक, मग शेपूट, हे सगळं एका सेकंदाच्या आत. तेवढ्यात विचार करायला वेळ नसतो, म्हणून वेग त्या जागेच्या आधीच कमी हवा. आणि वेग उतरवल्यानं दुहेरी फायदा होतो. हेलकावे शमण्याचं बळ वाढतं, शिवाय बाजूचा वारा तेवढाच असला तरी हळू चालणाऱ्या भिंतीवर त्याचा आडवा रेटा कमी पडतो. शीड उतरत नाही, वेग उतरतो.

ब्रिटनमध्ये मोटरवेवर कॅराव्हॅनला ताशी ६० मैलांची, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरची मर्यादा आहे. जर्मनीत सर्वसाधारणपणे ८०, आणि ठरावीक अटी पाळणाऱ्या जोडीला ऑटोबानवर १००. या कमाल मर्यादा आहेत. पावसात त्या गाठायच्या असतात असं कुणी म्हटलेलं नाही. कोरड्या रस्त्यावर पुढच्या गाडीशी दोन सेकंदांचं अंतर लोक धरतात. ओल्या रस्त्यावर चार तरी हवेच, आणि मागं तेराशे किलो असतील तर आणखी.

(दृश्य : मागून. कॅराव्हॅन डावीकडे झुकते. उजवीकडे. पुन्हा डावीकडे. संगीत बंद.)

आणि सगळं करूनही डुलायला लागली तर?

अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. स्टिअरिंग सरळ धरून ठेवा. एवढंच करायचं असतं आणि एवढंच जमत नाही, कारण हात आपोआप उलटा वळसा द्यायला जातात. माणसाची प्रतिक्रिया हेलकाव्याच्या अर्धं पाऊल मागं असते, त्यामुळे सावरायला दिलेला प्रत्येक वळसा पुढच्या हेलकाव्याला जाऊन मिळतो. ब्रेकवर जोरात पाय नको. मोटार रोखली जाते, मागचं वजन ढकलत येतं आणि जोडी मधोमध दुमडते. वेग वाढवून कॅराव्हॅन सरळ खेचून घ्यावी, असा एक जुना सल्ला अजून फिरतो. तो ऐकू नका. सरळ झालीच तरी तुम्ही आता आणखी वेगात आहात, आणि पुढं उतार असेल तर देवच आठवतो.

जिथं कॅराव्हॅनला विजेवर चालणारे वेगळे ब्रेक असतात, तिथं चालकाजवळ त्यांची कळ असते. ती हलकेच दाबली की फक्त मागचं वजन रोखलं जातं, जोडी ताणली जाते आणि सरळ होते. युरोपातल्या साध्या ब्रेकला ही सोय नाही. मोटार हळू झाली की कॅराव्हॅन पुढं रेटते, कपलिंगचा दांडा आत दबतो आणि तो दांडा ब्रेक ओढतो. म्हणूनच उतारावर वेग उतार सुरू होण्याआधी कमी करायचा, आणि खालच्या गिअरमध्ये उतरायचं.

धुक्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दिसत नसेल तर जाऊ नका. बर्फाबद्दलही तेच, फक्त एक पुरवणी : निघण्याआधी छतावरचं बर्फ काढा. ते वाटेत सुटलं तर मागच्याच्या काचेवर जाऊन फुटतं.

(दृश्य : महामार्गाकडेचा थांबा. कॅराव्हॅन मोटारीला जोडलेलीच. टपावर पावसाचा ताशा.)

ही जोडी दोन तासांपूर्वी इथं येऊन थांबली. पुढच्या पुलावर उंच वाहनांना बंदी लागली आहे आणि कॅराव्हॅन उंच वाहनांतच मोजतात. झाडांखालची जागा रिकामी असूनही त्यांनी घेतली नाही. फांद्या पडतात. उघड्यावर उभी केली, नाक वाऱ्याकडं, म्हणजे भिंत वाऱ्याला मिळत नाही. कोपऱ्यांचे चारही पाय खाली सोडले. ते कॅराव्हॅन उचलायला नसतात, फक्त हलणं थांबवायला असतात. छताची खिडकी बंद, कडी ओढून पाहिलेली. मंडप बाहेर काढायचा प्रश्नच नव्हता. वाऱ्यात उभा केलेला मंडप आधी मोडतो, मग शेजाऱ्याच्या गाडीवर जातो.

संध्याकाळी जिथं पोहोचायचं होतं तिथं उद्या पोहोचतील. फोन करून तसं कळवलंय.

(दृश्य : पाऊस थांबलेला. वाऱ्याची पिशवी खाली लोंबते.)

पुलावरची पाटी बदलली. चारही पाय वर घेतले. चालकानं कपलिंगवरचा हिरवा ठिपका, म्हणजे जोड नीट बसल्याची खूण, दिसतोय ना ते वाकून पाहिलं, कॅराव्हॅन सुटलीच तर तिचे ब्रेक ओढणारी तार चाचपली, आणि जोडीदाराला मागं उभं केलं. उजवा दिवा लागतो. ब्रेकचे दोन्ही लागतात. डावा लागत नाही.

प्लग काढला. आत पाण्याचा एक थेंब. रुमालाच्या टोकानं पुसला, फुंकर मारली, पुन्हा बसवला.

"आता?"

"लागला."