जपानमधलं एक वर्ष: अर्ज कोणी करायचा आणि कधी

नमस्कार श्रोतेहो. जपानी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी जपानचं शिक्षण मंत्रालय, म्हणजे 'मेक्स्ट', 'जॅपनीज स्टडीज' नावाची शिष्यवृत्ती देतं. सुमारे वर्षभर जपानी विद्यापीठात शिकायचं, फी माफ, जायचं-यायचं विमानभाडं सरकारचं, आणि दरमहा 1,17,000 येन.

गाडी अडते ती पात्रतेपाशी. वय 18 पूर्ण आणि तिशीच्या आत, एवढं पुरत नाही. जपानी भाषा किंवा संस्कृती हा पदवीचाच मुख्य विषय असावा लागतो. इंजिनिअरिंग करता करता संध्याकाळच्या वर्गातून एन-थ्री, म्हणजे जपानी भाषा परीक्षेची मधली पातळी, पास झालेला विद्यार्थी कितीही हुशार असला तरी इथे बसत नाही. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी घेऊन बी.ए. करणारी विद्यार्थिनी बसते.

त्यातही वर्ष कोणतं, हे महत्त्वाचं. जपानला जाताना आणि परत आल्यावरही तुमचं नाव आपल्या विद्यापीठाच्या पटावर हवं. तीन वर्षांच्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षात अर्ज केलात, तर उन्हाळ्यात पदवी मिळते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात निघायच्या वेळी तुम्ही विद्यार्थीच नसता. म्हणून अर्ज दुसऱ्या वर्षात करा, तिसरं वर्ष परतल्यावर पूर्ण करा. मधल्या वर्षाचा खंड चालेल ना, हे विद्यापीठाकडून आधीच लेखी घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका.

अर्जाच्या वाटा दोन. एक वकिलातीमार्फत: महाराष्ट्र आणि गोव्याच्या विद्यार्थ्यांनी मुंबईतल्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या सूचना बघाव्यात. त्यात जपानीची लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. जुन्या प्रश्नपत्रिका 'स्टडी इन जपान' संकेतस्थळावर मोफत आहेत, त्या घड्याळ लावून सोडवा. दुसरी वाट जपानी विद्यापीठाच्या शिफारशीची. तुमच्या विद्यापीठाचा तिकडे करार असेल तर विभागप्रमुखांना विचारा.

विद्यापीठांची पसंती भरताना नुसतं तोक्यो-क्योतो लिहू नका. अभ्यासक्रमांची मार्गदर्शिका निघते, ती वाचा. काही ठिकाणी भर भाषेवर असतो, काही ठिकाणी समाज-संस्कृतीवर, आणि भाषेची अपेक्षित पातळीही ठिकठिकाणी वेगळी. कानाझावा, हिरोशिमा, ओसाका इथेही हे अभ्यासक्रम चालतात. मुलाखतीत 'हेच विद्यापीठ का' असं विचारलं, तर 'शहर आवडतं' हे उत्तर फार लंगडं पडतं.

शिफारसपत्र आणि आरोग्य प्रमाणपत्र शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. कागद इंग्रजी किंवा जपानीत हवेत, नाहीतर भाषांतर जोडावं लागतं.

निवड झाली की पैशांचं बघा. शिष्यवृत्ती पोहोचल्या दिवशी हातात पडत नाही. पहिला हप्ता यायला महिना-दीड महिना लागू शकतो. तोवरचं भाडं, अनामत आणि जेवणखाण यासाठी सुमारे 2,000 डॉलर सोबत ठेवावेत, असं माहितीपत्रकातच सुचवलेलं असतं. आणि तिथे दर महिन्याला विद्यापीठात जाऊन सही करायची असते. ती चुकली, तर त्या महिन्याचे पैसे मिळत नाहीत.