शून्य आणि शंभर आले कुठून?

मंडळी, पाणी शून्य अंशाला गोठतं आणि शंभर अंशांना उकळतं, हे आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलंय. आकडे इतके गोल कसे? कारण मोजपट्टी आखली तीच मुळी पाण्यावरून. स्वीडनमधल्या उप्सालाचे खगोलशास्त्रज्ञ आंदेर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये ती मांडली. गंमत म्हणजे त्यांनी उकळत्या पाण्याला शून्य आणि वितळत्या बर्फाला शंभर म्हटलं होतं! १७४४ मध्ये ते गेले, आणि लवकरच पट्टी उलटी झाली. फॅरनहाइटच्या पट्टीवर हेच दोन बिंदू ३२ आणि २१२ वर येतात.

पण शंभर भाग पाडणं हे काही सेल्सिअस यांचं मोठं काम नव्हे. हे बिंदू खरंच स्थिर आहेत का, हे त्यांनी तपासून पाहिलं, ते मला फार मोलाचं वाटतं. बर्फ वितळण्याचा बिंदू गावागणिक बदलत नाही. उकळण्याचा मात्र हवेच्या दाबाबरोबर बदलतो. पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाण्याच्या पोटातच बुडबुडे तयार होतात, त्यालाच आपण उकळणं म्हणतो. उंचावर हवेचा दाब कमी. म्हणून १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर पाणी ९५ अंशांच्या आतच उकळतं, तर घरच्या कुकरमध्ये ते १२० च्या आसपास पोचतं.

गोठण्याचीही एक खोड आहे. स्वच्छ, न हललेलं पाणी शून्याखाली गेलं तरी द्रवच राहू शकतं. त्यात बर्फाचा एक कण टाका: पाणी गोठू लागतं आणि त्याचं तापमान उलट शून्याकडे चढतं! म्हणून खूण गोठत्या पाण्यावर न करता वितळत्या बर्फावर करतात.

पुढे शास्त्रज्ञांनी याहून पक्का बिंदू निवडला. काचेच्या नळीत शुद्ध पाणी भरायचं, हवा काढून तोंड बंद करायचं, तापमापक ठेवायला नळीच्या मध्ये जी पोकळी असते, तिच्याभोवती बर्फाचं कवच जमवायचं. बर्फ, पाणी आणि वाफ तिथे एकत्र नांदतात, ते एकाच तापमानाला: ०.०१ अंश सेल्सिअस. १९५४ मध्ये या बिंदूला २७३.१६ केल्विन (केल्विन म्हणजे शास्त्रज्ञांचं तापमानाचं एकक) हे मूल्य देऊन सगळी पट्टी त्यावर बसवली. २०१९ पासून तर केल्विनची व्याख्या बोल्ट्झमनच्या स्थिरांकावरून, म्हणजे तापमान आणि कणांची ऊर्जा यांचं नातं सांगणाऱ्या ठरलेल्या आकड्यावरून होते. पट्टी आता उकळण्याच्या बिंदूवर बसवलेली नसल्याने सामान्य वायुदाबाला पाणी काटेकोर मोजलं तर ९९.९७ अंशांच्या जवळपास उकळतं.

तेव्हा तुमचा तापमापक तपासायचा असेल, तर बर्फाचा चुरा थोड्या पाण्यात भिजवा, ढवळा, थोडं थांबा आणि मग आकडा वाचा. पुण्यात उकळत्या पाण्यात त्याने ९८ दाखवले, तर तो बिघडला म्हणून टाकून देऊ नका.