‘लवकर बरी हो’ म्हणू नका

(परभणीत मैदानावरच झालेल्या एका संध्याकाळच्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मागे उभी असलेली पोरं पुढे या. सतरंजी भरपूर आहे. आवाज पोचतोय ना शेवटपर्यंत? बरं.

आज आपण कशासाठी जमलोय ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या फुटबॉल संघातली सात नंबर याच मैदानावर गुडघा धरून खाली बसली, त्याला आता दोन महिने होतील. ऑपरेशन झालंय. तिचं नाव मी घेणार नाही, कारण ती समोरच बसलीय, पाय दुसऱ्या खुर्चीवर लांब करून. तिने मघाशीच मला बजावलंय, “सर, माझ्यावर बोलू नका, गुडघ्यावर बोला.” तेव्हा मी गुडघ्यावर बोलतो.

फाटकाजवळ पोरांनी बॅनर लावलाय. फोटो छान आहे, अक्षरं मोठी आहेत, ‘लवकर बरी हो’. येताना दोन मिनिटं त्याच्यासमोर उभा राहिलो. जीव लावणारी पोरं आहेत, तीनशे-चारशे रुपये काढून फ्लेक्स छापलाय. पण त्यातला पहिला शब्द मला तेव्हापासून टोचतोय. माझं आजचं सगळं भांडण त्या ‘लवकर’शी आहे.

आधी आत काय तुटतं ते बघू. गुडघ्याची वाटी आपल्याला बाहेरून दिसते. तिच्या मागे, सांध्याच्या आत, मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधणारे दोन दोर असतात, एकमेकांवर फुली मारल्यासारखे. त्यातल्या पुढच्याला डॉक्टर लोक एसीएल म्हणतात, आपण मैदानावर नुसतं ‘लिगामेंट गेलं’ म्हणतो. लांबी जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर. नडगी पुढे सरकू द्यायची नाही आणि वळताना गुडघा भलतीकडे जाऊ द्यायचा नाही, एवढं त्याचं काम. लोकांना वाटतं कोणीतरी लाथ घातली म्हणून तो तुटतो. बहुतेक वेळा तसं नसतं. धावता धावता पोरगी थांबते, दिशा बदलते, पाऊल जमिनीत रुतलेलं आणि अंग वळलेलं. आतून ‘टक्’ असा आवाज येतो. दोन-चार तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजतो. आपली काळी माती पाऊस पडून गेल्यावर बुटाचे खिळे कशी धरून ठेवते, हे तुम्हाला मी सांगायला नको. बूट सोडत नाही, म्हणून गुडघ्याला सोडावं लागतं.

मुलींना हा धोका मुलांच्या निदान दुप्पट असतो. कमरेची ठेवण, स्नायूंची ताकद, उडीनंतर उतरण्याची पद्धत, बरीच कारणं सांगतात. मला विचाराल तर उडी मारून खाली उतरायचं कसं, हे आपण आपल्या पोरींना शिकवलेलंच नाही. फिफाने ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप तयार केलाय, त्याने दुखापती कमी होतात हे दिसून आलंय. त्याला साहित्य लागत नाही, पैसा लागत नाही. मला तो माहीत होता. मी तो रोज घेतला का? नाही घेतला. मैदान तासाभरासाठी मिळतं आणि पोरींना सामना खेळायचा असतो, ही माझी सबब. ती तुमच्यासमोर ठेवतो.

तुटलेला हा दोर सहसा आपला आपण सांधत नाही. म्हणून मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, थोडासा काढतात, हाडांना भोकं पाडून त्यात तो ओवतात आणि दोन्ही टोकांना पक्का करतात. याला ग्राफ्ट म्हणतात, म्हणजे कलमच. आता जालन्याकडचे कोणी मोसंबीवाले असतील तर त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरला, फूट आली, पानं हिरवीगार झाली, की नवखा माणूस म्हणतो, झालं. जाणता शेतकरी मात्र पहिली काही वर्षं बहार धरत नाही. आलेली फुलंसुद्धा खुडून टाकतो. झाड हिरवं दिसतं म्हणून त्याच्यावर फळांचं ओझं टाकायचं नसतं.

गुडघ्यात अगदी तसंच होतं, आणि ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. ओवलेला टेंडन सुरुवातीला रक्तपुरवठ्यावाचून असतो. शरीर त्याला हळूहळू आपलासा करतं, आणि ते करताना पहिल्या काही महिन्यांत तो आधी कमजोर होतो, मग बळकट होतो. गंमत अशी की नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं, चाल सरळ झालेली असते. खेळाडूला वाटतं आपण ठीक आहोत. बघणाऱ्यांनाही वाटतं. आणि मग पानटपरीवर, बसस्टँडवर, लग्नात, जो भेटेल तो विचारतो, “काय मग, कधी उतरायचं?”

2016 साली ऑस्लो आणि डेलावेअर इथल्या अभ्यासकांनी असे खेळाडू दोन वर्षं पाहिले. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत, परत खेळणं एकेका महिन्याने पुढे ढकललं तर पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण दर महिन्याला जवळपास निम्म्याने उतरत होतं. दर महिन्याला निम्म्याने. एवढं व्याज कोणती पतपेढी देते सांगा.

आता एक जुनी आठवण. ब्राझीलचा रोनाल्डो. लहान पोरांनो, पोर्तुगालचा नव्हे, हा थोरला, दात पुढे असलेला. 21 नोव्हेंबर 1999 ला इंटर मिलानकडून लेच्चेविरुद्ध खेळताना त्याचा उजवा गुडघा गेला. एसीएल नाही, वाटीखालचा टेंडन. ऑपरेशन झालं. 12 एप्रिल 2000 ला रोममध्ये लाझिओविरुद्ध इटालियन चषकाचा अंतिम सामना होता, त्यात तो बदली म्हणून उतरला. पाच महिनेही पुरे झाले नव्हते. सहा-सात मिनिटं खेळला. चेंडू घेऊन निघाला, नेहमीसारखा पाय फिरवला, आणि कोणी हातही न लावता तो कोसळला. टेंडन पूर्ण तुटला होता. ती चित्रफीत मी एकदा पाहिली, दुसऱ्यांदा पाहिली नाही. त्याला कोणी घाई केली हे ठरवणारा मी कोण? तो सगळ्यांना हवा होता. त्याला स्वतःलाही मैदान हवं होतं.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. 30 जून 2002, रविवार, दुपारी साडेचार. योकोहामात वर्ल्ड कपची फायनल, ब्राझील विरुद्ध जर्मनी. आमच्या गल्लीत एकच मोठा टीव्ही. आणि परभणीकरांपुढे मोठंच धर्मसंकट! ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणत आम्ही लहानाचे मोठे झालो, मग ब्राझीलच्या बाजूने ओरडायचं कसं? तरी ओरडलो. 67 व्या मिनिटाला जर्मनीचा गोली ऑलिव्हर कान याच्या हातून चेंडू निसटला आणि रोनाल्डो तिथं होता. 79 व्या मिनिटाला दुसरा. त्या स्पर्धेत त्याचे आठ गोल झाले.

ही गोष्ट आपण कशी सांगतो? पडला आणि उठला. एका ओळीत. त्या दोन शब्दांच्या मधे दोन वर्षं आहेत, आणि त्यातला बराच काळ तो एका खोलीत गुडघा वाकवायला नव्याने शिकत होता, ते कोणी सांगत नाही. त्यात बघण्यासारखं काही नसतं ना.

आता माझी गोष्ट. 1994. आमच्या संघात एक दहा नंबर होता. चाळिशीच्या पुढच्या लोकांना कोण ते कळलं असेल. त्याच्यासाठी पूर्णेहून, जिंतूरहून माणसं सामना बघायला यायची. सप्टेंबरात त्याचा गुडघा फिरला. एमआरआय हा शब्द तेव्हा आमच्या कानावर नव्हता. ‘लचक भरली’ असं निदान आम्हीच केलं. हळदीचा लेप, पट्टी, एका हाड बसवणाऱ्याकडे तीन खेपा. आणि गावाने प्रेम केलं हो! चहावाला पैसे घेईना. कोणी बदाम आणून दिले, कोणी नवस बोललं. रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर दहा-बारा जण बसलेले. प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न एकच, “सव्वीस जानेवारीला आहेस ना?”

सव्वीस जानेवारीला तो होता. मीच त्याला उतरवलं. तो म्हणाला, “सर, दुखत नाही.” मी म्हणालो, “मग झालं तर.” पूर्वार्धही संपला नाही.

तो आज इथं आलेला नाही, बोलावलं होतं. धंदा चांगला चाललाय त्याचा. फक्त कुठल्याही लग्नात पंगत बसली की त्याच्यासाठी खुर्ची शोधावी लागते. मांडी घालता येत नाही. तीस वर्षं मी त्याच्याशेजारी पंगतीला बसतो आणि तो माझ्याहून दीड हात उंच बसलेला असतो.

आपल्याकडे जखमी होऊन खेळण्याचं फार कौतुक. आपला मराठवाडा 1956 पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, तिथलेच फुटबॉल प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 ते 54 सलग पाच वेळा रोव्हर्स चषक जिंकला. 1962 ला जाकार्तात त्यांच्या भारतीय संघाने कोरियाला हरवून आशियाई सुवर्ण आणलं. जर्नेलसिंग डोक्याला टाके घेऊन उतरला आणि त्याने गोल केला. ही गोष्ट मी वर्गात शंभर वेळा सांगितली असेल. पुन्हा सांगेन. पण टाके घातलेलं डोकं घेऊन खेळता येतं. गुडघ्याचं तसं नसतं, हे सांगायचं मात्र मी शंभर वेळा विसरलो. त्या काळी बदली खेळाडूच नसत. वर्ल्ड कपमध्ये बदलीची सोय 1970 ला आली. लंगडत का होईना, मैदानावर राहणं ही तेव्हाची गरज होती. गरज संपली, कौतुक तेवढं उरलं.

कोणीतरी उठून म्हणेल, सर, बाजिओचं काय? बरोबर आहे. इटलीच्या रोबेर्तो बाजिओचं लिगामेंट 2002 च्या जानेवारीअखेर गेलं आणि एप्रिलमध्ये, तीन महिन्यांच्या आत, ब्रेशाकडून उतरून त्याने फिओरेंतिनाला दोन गोल मारले. वय पस्तीस. तरी इटलीच्या वर्ल्ड कप संघात त्याला घेतलं नाही ते नाहीच. असा माणूस एखादाच. एखाद्याची लॉटरी लागली म्हणून कोणी शेत विकत नाही.

मला जवळची वाटते ती बार्सिलोनाची अलेक्सिया पुतेयास. तेव्हाची जगातली सर्वोत्तम खेळाडू, बॅलन डी’ओर पुरस्कार घरात. जुलै 2022 मध्ये युरो स्पर्धेच्या तोंडावर सरावात तिचं एसीएल गेलं. ती परतली एप्रिल 2023 च्या अखेरीस. जवळजवळ दहा महिने. आणि परतल्यावरसुद्धा एकदम पूर्ण सामने नाहीत. ऑगस्टमध्ये स्पेन जगज्जेता झाला, त्या अंतिम सामन्यात ती पहिल्या अकरात नव्हती. एवढी मोठी खेळाडू बाकावर बसली आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

थांबलं की सगळं सुरळीत होतं, असंही मी म्हणत नाही. ब्राझीलच्या नेमारचं बघा. 2023 ला त्याचा सौदी क्लब अल हिलाल आणि आपली मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगच्या एका गटात आले, 6 नोव्हेंबरला नवी मुंबईत सामना. आपल्या इथल्या सात पोरांनी तिकिटं काढली, देवगिरीचं रिझर्वेशन केलं, चादरीवर देवनागरीत ‘नेमार’ रंगवलं. 18 ऑक्टोबरच्या पहाटे, आपल्या वेळेनुसार, मोंतेविदेओत उरुग्वेविरुद्ध त्याचा गुडघा गेला. तिघांनी तिकिटं परत करायची खटपट केली. चौघं गेले, चादर घेऊन. मुंबई दोन-शून्यने हरली. मी विचारलं, “अरे, तो नव्हताच तर कशाला गेलात?” एक जण म्हणाला, “सर, चादर रंगवून झाली होती.” नेमार वर्षभराने परतला आणि पंधरवड्यात मांडीचा स्नायू दुखावून पुन्हा बाहेर गेला. गुडघा टिकला, बाकीचं शरीर रुसलं. ही जोखीम असतेच. पण त्या चौघांनी जे केलं, ते मला फार आवडलं. ज्याच्यासाठी गेलो तो दिसणार नाही, हे माहीत असून गेले.

आता पैशांचं बोलतो आणि संपवतो. ऑपरेशनसाठी वर्गणी काढली तेव्हा दोन दिवसांत डबा भरला. ऑपरेशन म्हटलं की आपला हात खिशाकडे जातो. फिजिओथेरपी म्हटलं की म्हणतात, “व्यायामच ना? घरी करील.” मांडी कशी वाळते ते आज तिला विचारा. टेपने मोजलेली आहे. दोन्ही पायांची ताकद जवळजवळ सारखी होईपर्यंत, म्हणजे दुखऱ्या पायात चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के येईपर्यंत, तिला मैदानावर सोडायचं नाही असं ठरलंय. ते मी ठरवलेलं नाही, तिने ठरवलंय. डिसेंबरातली स्पर्धा तिच्याशिवाय होईल. आपण हरूसुद्धा.

तोपर्यंत आठवड्यातून तीन दिवस तिला फिजिओकडे जायचंय. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेआठ. वडील कामावर जातात, भाऊ शेतात असतो, रिक्षात पाय लांब करता येत नाही. चारचाकी लागते, जुनी चालेल. चहाच्या टपरीवर वही ठेवलीय. सोमवार माझा आहे. बुधवार आणि शुक्रवारच्या ओळी अजून कोऱ्या आहेत. जाताना पेन मागू नका, वहीला दोरीने बांधलेला आहे.