कवेलू आणि सात गडी

(दृश्य: उजाडतंय. अंगणात बांबूची शिडी. घरावर दोन पोरं.)

मे संपत आलाय. 25 तारखेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. हा चंद्रपूर जिल्ह्यातला ब्रह्मपुरी तालुका. उन्हाळ्यात राज्यातली सगळ्यात तापलेली ठिकाणं मोजायला बसा, ब्रह्मपुरी त्यात हमखास येते. पारा 45च्या वर गेला तरी इथं कोणी दचकत नाही. घरावर चढायचं तर दिवस निघताच, आणि दहाच्या आत खाली.

मृग लागायच्या आधी घरावरचे कवेलू, म्हणजे मातीची कौलं, फेरून घ्यायचे, उतरवून पुन्हा मांडायचे, हा इथला नेम. वर्षभरात वानरं उड्या मारून ते फोडतात, वादळानं ते सरकतात. कडुनिंबाचा पाला पन्हळीत साचून राहतो, मग पावसाचं पाणी खाली जायचं सोडून तुंबतं आणि भिंतीत मुरतं. भिंत मातीची. छत गळलं तर खाली टोपलं ठेवता येतं, भिंत फुगली तर काय ठेवाल?

(दृश्य: हातातला कवेलू, अगदी जवळून.)

हे देशी कवेलू. कुंभारानं चाकावर नळा घडवायचा, ओला असतानाच उभा चिरायचा, की एका नळ्याचे दोन कवेलू. एक तोंड रुंद, एक अरुंद. एक ओळ उताणी मांडायची, दोन ओळींच्या फटीवर दुसरी ओळ पालथी घालायची. खिळा नाही, सिमेंट नाही. सगळं आपापल्या वजनावर बसलेलं. म्हणून हलतं, आणि म्हणूनच दरवर्षी फेरावं लागतं.

खाली अंगणात घरची माय एकेक कवेलू झटकते, बोटाच्या पेरानं वाजवून पाहते. खणखणीत वाजला तर उजवीकडे. बद्द आवाज आला तर त्यात चीर आहे, डोळ्याला दिसो न दिसो. तो डावीकडे. डावीकडचा ढीग वाढतोय, आणि नवे कवेलू आता सहज मिळत नाहीत. कोणाचं घरकुल मंजूर झालं, जुनं घर पाडलं, की त्याचे उतरलेले कवेलू शेजारी आधीच सांगून ठेवतात.

घरातले म्हातारे आबाजी आता शिडी चढत नाहीत. खाटेवर बसून हुकूम सोडतात.
"अरे, पाय फाट्यावर ठेव बापा, कवेलवावर नको!"
फाटा म्हणजे कवेलवांखालचं लाकूड. मांडणी वळचणीपासून सुरू होते आणि आड्याकडे, छताच्या माथ्याकडे, चढत जाते, कारण वरच्या कवेलवाचं तोंड खालच्यावर आलं पाहिजे. हे पोरांना माहीत आहे. तरी आबाजी दर ओळीला सांगतात.

ही पोरं घरची नाहीत. घरात माणसं तीन, आणि कवेलू उतरवायला, झेलायला, वर द्यायला, मांडायला किमान सहा-सात हात लागतात. ते आले गावच्या कबड्डीच्या चमूतून. कोणी नागपूरला कंपनीत, कोणी हैदराबादला बांधकामावर; लग्नसराई आणि पेरणीच्या निमित्तानं सध्या गावात. लोक म्हणतात, कवेलूचं घर परवडत नाही. माझ्या मते परवडत नाहीत ती माणसं, म्हणजे मिळत नाहीत. टिनं टाकली की वर्षानुवर्षं कोणाला हाक मारावी लागत नाही. मात्र या दिवसांत दुपारी त्या टिनांखाली बसून दाखवा.

(दृश्य: पंगत.)

भात, वरण, लाखोरीच्या डाळीचे वडे. दिवाळीनंतर रात्रीचे खुले सामने होतात, त्यात 60 किलो वजनगटात खेळणारा गडी सहावा वडा उचलतो. "दिवाळीला लय वेळ आहे जी."

दुपारी झोप. एकानं तेवढ्यात कूलरच्या ताट्या बदलल्या.

(दृश्य: संध्याकाळ. ग्रामपंचायतीसमोरचं मैदान.)

मैदान 13 मीटर बाय 10 मीटर, दोरीनं मोजलेलं, रेषा राखेच्या. मॅट इथं कोणी घालत नाही. ढेकळं वेचली, पाणी शिंपडलं, झालं. हा खेळ विदर्भानं फार पूर्वी परदेशात नेलाय. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. या पोरांना बर्लिनपेक्षा नदीपलीकडच्या गावाची चिंता जास्त. मागच्या सामन्यात त्या गावानं यांच्यावर दोन लोण चढवले होते, म्हणजे अख्खा संघ दोनदा बाद केला होता.

चढाई 30 सेकंदांची. समोर सहा तरी गडी असतील तरच बोनस, म्हणजे जादा गुण. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकायचा आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा. भांडण नेमकं इथंच होतं. पुढच्या पायाचा ठसा राखेपलीकडे स्पष्ट दिसतोय. मागचा पाय उचलला होता की नव्हता, ते माती कसं सांगणार? "उचलला होता." "नव्हता बे!" पंच आबाजी, आणि त्यांची नजर अजून शाबूत आहे. त्यांनी गुण दिला. हरकत घेणारा गडी पुटपुटत चढाईला गेला, पुटपुटता पुटपुटता कबड्डी म्हणायचंच विसरला आणि बाद झाला.