जुने पाइप कुठे आहेत?

श्रोतेहो, नमस्कार.

जिल्हा परिषदेत नोकरी केलेल्या माणसाला 'पीआरसी' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. नुसतं 'पीआरसी येणार' असं कानावर आलं की त्याची झोप उडते. बाकीच्यांसाठी सांगतो. पीआरसी म्हणजे विधिमंडळाची पंचायती राज समिती. विधानसभा आणि विधान परिषद, दोन्हीकडचे आमदार तिच्यात असतात, सत्ताधारी असतात तसे विरोधकही असतात. मंत्री मात्र नसतो. हे लक्षात ठेवा, मंत्री नसतो. ज्याचा कारभार तपासायचा, त्यालाच तपासायला कसं बसवणार?

जिल्हा परिषदेच्या हिशेबांची स्थानिक निधी लेखापरीक्षा होते. तिच्यातले आक्षेप हाती घेऊन समिती जिल्ह्यात येते. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष होते, आणि पुढे मुंबईला विधान भवनात ग्रामविकास विभागाच्या सचिवांची. साक्ष हा कोर्टातला शब्द आहे आणि तो त्याच वजनाने घ्यायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मराठवाड्यातल्या एका पंचायत समितीत मी लेखा शाखेत कनिष्ठ सहायक होतो. समिती येणार म्हणून पंधरा दिवस रात्री दहापर्यंत कार्यालयात दिवे. अनुपालन म्हणजे आक्षेपांची उत्तरं लिहा, नस्त्यांना म्हणजे फायलींना पताका लावा, शाळांना चुना मारा. कोणत्या गटाने कोणत्या गावी जायचं, तेही ठरलेलं.

एका गटात एक आमदार ताई होत्या. त्यांच्या जीपमध्ये मागे मी, मांडीवर हातपंप दुरुस्तीची नोंदवही. ठरलेलं गाव अजून दोन कोस पुढे होतं. वाटेत एका वस्तीवरच्या शाळेपाशी ताई म्हणाल्या, "थांबवा." शाळेच्या आवारात हातपंप होता, आणि बाया मात्र पार शेतातल्या विहिरीवरून हंडे आणत होत्या.

ताई उतरल्या. दांडा हलवून पाहिला. पाणी नाही. मला म्हणाल्या, "ह्या पंपाचं पान काढा." मी काढलं. त्यांनी नोंदवही स्वतःच्या हातात घेतली आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. एका वर्षात दोनदा पाइप बदललेले. दर वेळी दहा फुटी दहा पाइप.

त्यांनी अभियंत्यांना विचारलं, "नवे पाइप टाकले, ठीक. जुने पाइप कुठे आहेत?"

श्रोतेहो, ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. जुने पाइप कुठे आहेत?

अभियंता म्हणाले, "ताई, गंजले होते." त्या म्हणाल्या, "गंजलेलं असलं तरी लोखंडच ना? वीस पाइप निघाले. साठा नोंदवहीत जमा दाखवा. लिलावात गेले असतील तर पावती दाखवा." गटविकास अधिकारी माझ्याकडे बघायला लागले. मी नोंदवहीकडे.

तेवढ्यात एक म्हातारी हंडा उतरवून उभी राहिली. ताईंनी तिला विचारलं, "आक्का, ह्याचे पाइप उपसताना कधी बघितलंत?" शंभर फूट पाइप वर ओढायचे तर तीन पायांची तिकटी लावावी लागते, चार-सहा गडी लागतात, सगळी वस्ती बघायला जमते. ते लपून होत नाही. आक्का म्हणाली, "बसविला तवा बघितलं व्हतं, बाई. त्याच्यामागं कुनी आलंच न्हाई."

परतताना ताई फार बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे विहिरीला नवा पाइप आला की जुना गोठ्याच्या मांडवाला लागतो. जुना पाइप कुणी फेकत नाही." त्यांना लेखासंहिता कुणी शिकवली नव्हती. घर चालवलं होतं, त्यातून हा प्रश्न आला होता.

आणि आता मनातलं सांगतो. ती दोन्ही बिलं माझ्या टेबलावरून गेली होती. नव्या मालाची पावती होती, मोजमाप पुस्तिकेत नोंद होती, सह्या होत्या. मी तपासून पुढे पाठवली. लेखापरीक्षकांनाही त्यात काही सापडलं नव्हतं, कारण कागदाला कागद जुळत होता. पंपाशी जाऊन उभं कुणी राहिलं नव्हतं.

जाता जाता एक. हातपंप आले आणि गावोगावचे आड बुजवले, हे मला आजही पटत नाही. आडात पाणी किती आहे ते वाकून दिसायचं. आणि दौऱ्यावर आलेल्या समितीने आपापला जेवणाचा डबा आणावा, असंही माझं ठाम मत आहे. तालुक्याला जेवणावळीच्या तयारीला लावू नये.

जिल्हा परिषदेची तपासणी होते तशी राज्याच्या विभागांचीही होते. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा अहवाल संविधानाच्या अनुच्छेद १५१ प्रमाणे राज्यपालांकडे जातो, विधिमंडळापुढे ठेवला जातो आणि मग विधिमंडळाची लोकलेखा समिती त्यातले परिच्छेद, म्हणजे एकेक आक्षेप, चर्चेला घेते. तिथेही साक्षीला विभागाचे सचिव बसतात. लोकसभेत ह्या समितीचा अध्यक्ष १९६७ पासून विरोधी पक्षाचा असतो, ही फार चांगली प्रथा आहे. समिती शिक्षा करत नाही, शिफारस करते, आणि त्या शिफारशीचं काय केलं हे विभागाला लेखी कळवावं लागतं. दुखणं आहे ते उशिराचं. परिच्छेद चर्चेला येईतो अधिकारी बदलून गेलेले असतात, काही निवृत्त झालेले. शिवाय साक्षी बंद दाराआड होतात. मी रेडिओचा माणूस आहे, मला वाटतं त्या रेडिओवर लागाव्यात. आपल्या तालुक्याचा सचिवांना विचारलेला प्रश्न आपल्या कानांनी ऐकायला मिळावा.

त्या दौऱ्यानंतर मी पट्टी घेऊन बसलो आणि दुरुस्तीच्या नोंदवहीत प्रत्येक पानावर लाल शाईने एक रकाना आखला: 'काढलेला माल, कुठे जमा'. कुणी सांगितलं नव्हतं. माझी बदली होईपर्यंत, म्हणजे पुढची तीन वर्षं, तो रकाना कोरा असला की बिल मी परत पाठवत होतो.

नमस्कार.