३००० वर अडणारं इंजिन

(दृश्य : बॉनेट उघडं. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर लॅपटॉप. सेल्फचा आवाज.)

सेल मारला की इंजिन लगेच पकडतं. आयडलिंगलाही शांत चालतं. पण अ‍ॅक्सिलरेटर दाबत नेला की ३००० आरपीएमच्या (मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या) आसपास दणकन गचका बसतो, सायलेन्सरमधून फटाका वाजतो आणि पुन्हा सगळं सुरळीत. परत दाबा, परत गचका.

या गाडीचा कॉम्प्युटर कंपनीतून आलेला नाही. मालकाने तो स्वतः सोल्डर केलाय. २००१ साली ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी मेगास्क्वर्ट हा स्वतः जोडायचा इंजिनचा कॉम्प्युटर आणला आणि घरच्या टेबलावर इंजिनचा मेंदू जोडणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. पुढे आर्डुइनो मेगा या छोट्या तयार इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारा स्पीडुइनो आला. काम दोघांचंही तेच. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनचा दांडा, कुठे पोचलाय, हवा किती आत येतेय, पाणी किती तापलंय हे बघायचं. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा आणि ठिणगी कधी टाकायची ते ठरवायचं. कंपनीच्या गाडीत हे आकडे कुलूपबंद असतात. इथे ते लॅपटॉपवर उघडे पडलेले असतात, हवे तसे बदलता येतात. पंचाईत तिथूनच सुरू होते.

गेले दोन आठवडे गचका बसला की मालक पेट्रोलचा तक्ता (कुठल्या वेगाला किती पेट्रोल ते ठरवणारा) उघडतो आणि ३००० च्या रकान्यात थोडं पेट्रोल वाढवतो. फरक नाही. मग आणखी थोडं. त्याला तरी काय बोलणार? आकडा बदलायला एक बटण पुरतं. वायर तपासायची तर डॅशबोर्डखाली पाठीवर झोपावं लागतं.

(दृश्य : फक्त किल्ली फिरवलेली. इंजिन बंद.)

आज इंजिन चालू न करताच सुरुवात. गाडी रात्रभर उभी होती. इंजिन बंद म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, बाहेरचीच हवा, तेव्हा समुद्रसपाटीच्या जवळपास दाब साधारण १०० किलोपास्कल दिसायला हवा. दिसतोय. पाण्याचं आणि हवेचं तापमान सारखं हवं. पाणी २१, हवा २१. इथे उणे ४० दिसलं असतं तर समजायचं, सेन्सरची वायर तुटलीय किंवा कनेक्टर सुटलाय.

आता हेडलाइट लावा. पाणी १९. बंद करा. २१. पुन्हा लावा, पुन्हा १९.

रेडिएटरभर पाणी दिवे लावल्यावर एका सेकंदात दोन अंशांनी गार होत नाही. आपल्याला असेच आकडे हुडकायचेत, जे इंजिनाकडून घडूच शकत नाहीत. सेन्सरचा अर्थ (अर्थिंगची वायर) बॉडीवर, नेमका दिव्यांच्याच बोल्टला जोडलेला निघाला. दिव्यांचा करंट त्या गंजक्या जोडातून गेला की तिथलं व्होल्टेज थोडं उचललं जातं आणि कॉम्प्युटरला वाटतं पाणी थंड झालं. सेन्सरचे अर्थ परत कॉम्प्युटरच्याच पिनवर आणि कॉम्प्युटरचा अर्थ थेट इंजिन ब्लॉकवर, घासून चकचकीत केलेल्या धातूवर. तास गेला. आता दिवे लावले तरी २१.

इंजिन चालू केलं. ३००० वर गचका.

म्हणजे दोष होता खरा, पण तो हा नव्हता. घरगुती वायरिंगमध्ये दोष सहसा एकटा नांदत नाही.

(दृश्य : लॅपटॉपवर लॉग. आलेख सरकतोय.)

गचक्याच्या जागेवर लॉग, म्हणजे कॉम्प्युटरने टिपलेल्या आकड्यांची नोंद, थांबवू. आरपीएमच्या रांगेत आकडे असे : २९६०, ३०१०, ०, ०, २९८०.

शून्य! ३००० च्या वेगात फिरणारं अवजड फ्लायव्हील क्षणात थांबून, क्षणात परत त्याच वेगाला येणं कसं शक्य आहे? इंजिन फिरतच होतं. क्रँक कुठे आहे हे कॉम्प्युटरला तेवढ्यापुरतं कळेनासं झालं, म्हणून त्याने ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद केलं. पेट्रोलच्या तक्त्याचा इथे काडीचा संबंध नाही.

क्रँकच्या पुलीवर ३६ दातांचं चाक आहे, त्यातला एक दात मुद्दाम काढलेला. एका दातापासून दुसऱ्यापर्यंत लागणारा वेळ कॉम्प्युटर मोजतो. रिकाम्या जागेला दुप्पट वेळ लागतो, त्यावरून पहिला दात कुठला ते ओळखतो. या वेळांचा आलेख काढला तर बुटक्या काड्यांच्या रांगेत एकच काडी दुप्पट उंच दिसायला हवी. इथे शेजारी शेजारी दोन काड्या, दोन्ही दीडपट.

हे चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही. हे दात टिपणारा सेन्सर म्हणजे चुंबकाभोवती तारेचं वेटोळं. दाताचा मध्य समोरून जाताना व्होल्टेज झटकन शून्य ओलांडतं आणि कॉम्प्युटर तो क्षण पकडतो. दोन वायरी उलट जोडल्या तर तो दाताऐवजी दोन दातांमधल्या खाचेचा मध्य पकडायला लागतो, आणि ती मोठी रिकामी जागा मधोमध चिरली जाते. हळू वेगात कसंबसं निभावतं. वेग वाढला की हिशोब चुकतो.

(दृश्य : कनेक्टरमधून दोन पिना काढून अदलाबदल. क्लिक.)

एक उंच काडी.

लगेच रस्त्यावर काढायची नाही. पकडण्याची जागा अर्ध्या दाताने, म्हणजे ५ अंशांनी सरकलीय. ठिणगी १० अंशांवर कायम ठेवून टायमिंग लाइट, म्हणजे प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, पुलीवर मारला. पुली थिजल्यासारखी दिसते आणि खूण अर्थातच १० वर नाही. सेटिंगमध्ये कोन दुरुस्त केला, खूण जागेवर आली. २५०० वर नेऊन पाहिलं, हलली नाही.

आता दाबा. २८००. ३०००. ३४००. गचका नाही, फटाका नाही. मागे मात्र काळा धूर. मिश्रणाचा मीटर ११ दाखवतोय. म्हणजे १४.७ भाग हवेला जेवढं पेट्रोल पुरतं, तेवढं ११ भागांतच ओतलं जातंय. दोन आठवडे त्या रकान्यात साठवलेलं पेट्रोल.

जुना तक्ता सेव्ह केला होता का?

(दृश्य : मालक लॅपटॉपमध्ये फाइल शोधतोय. इंजिन चालूच.)